हॅकिंग शिकायला निघाले आणि लॉग वाचत बसले

सर्व्हर सांभाळणाऱ्यांचं आणि सिक्युरिटीवाल्यांचं फारसं पटत नाही. आम्ही रात्र जागून एखादी यंत्रणा चालू ठेवायची आणि त्यांनी सकाळी मेल टाकायचा, की अमुक सर्व्हरवर तमुक त्रुटी आहेत, मुदतीत दुरुस्त करा. सोबत शेकडो ओळींची एक्सेल फाइल, त्यातल्या निम्म्या ओळी एकाच गोष्टीबद्दल. लिनक्स सर्व्हर सांभाळण्यात माझी काही वर्षं गेली होती आणि अशा मेलना गोलगोल उत्तरं देण्यात हात चांगला बसला होता. आपण कधी त्या बाजूला जाऊन बसू, हे काही डोक्यात नव्हतं.

ते डोक्यात शिरलं डिसेंबर २०२१मध्ये, लॉगफोरजेच्या गोंधळात. जावा भाषेतले प्रोग्रॅम आपल्या नोंदी, म्हणजे लॉग, लिहायला ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, सर्रास वापरतात. नोंदवायच्या मजकुरात एका ठरावीक साच्यातला पत्ता आला, तर ती तो नुसता लिहून ठेवत नसे. त्या पत्त्यावर जाऊन विचारणा करी आणि तिकडून आलेला कोड चालवायलाही तयार होई. म्हणजे लॉगिनच्या चौकटीत नावाच्या जागी कुणी तो मजकूर टाकला आणि सर्व्हरने ‘या नावाचा वापरकर्ता नाही’ अशी इमानदारीने नोंद केली, की झालंच. त्रुटीची तीव्रता १० पैकी १०. दुरुस्तीचा पॅच आला २.१५ या आवृत्तीचा, तो अपुरा निघाला, मग २.१६, मग २.१७, आणि महिना संपता संपता २.१७.१. प्रत्येक वेळी सगळे सर्व्हर पुन्हा पहिल्यापासून.

खरी पंचाईत मात्र पॅच लावण्याची नव्हती. ही लायब्ररी आपल्याकडे नेमकी कुठे कुठे आहे, हेच कुणाला सांगता येत नव्हतं. ती दडलेली असायची विकत घेतलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरच्या जार फाइलच्या, म्हणजे जावा प्रोग्रॅमच्या गाठोड्याच्या, आतल्या जार फाइलमध्ये. सिक्युरिटी टीमकडे त्रुटी शोधणारा स्कॅनर होता, पण त्याला वरवरचं तेवढं दिसे. कुठल्या मशीनवर काय चालतं हे आम्हाला ठाऊक होतं, पण ते डोक्यात, कागदावर नाही. त्यामुळे दोन्ही टीम एका खोलीत बसल्या. तिथे त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, “हा सर्व्हर स्वतःहून बाहेर इंटरनेटवर जाऊ शकतो का? जात असेल तर कशासाठी?” त्या सर्व्हरची मेमरी, डिस्क, बॅकअप सगळं मला पाठ होतं. हा प्रश्न कधी पडला नव्हता. बाहेरची वाट बंद असेल तर हल्लेखोराचा कोड आणायला तो जाणार कुठे, असा त्यामागचा हिशेब. त्या आठवड्यात असे आणखी काही प्रश्न कानावर पडले आणि रोजची मशीनं मला निराळी दिसायला लागली.

मग चौकशी सुरू केली. माझ्या डोक्यात दोनच जाती होत्या, फोडणारे आणि राखणारे. प्रत्यक्षात सिक्युरिटीत काम करणाऱ्या एकाने वर्षभरात टर्मिनल उघडलेलं नव्हतं. तो दिवसभर पुरवठादारांचे करार आणि ऑडिटची कागदपत्रं वाचायचा आणि त्या कामात वाकबगार होता. दुसरी फक्त क्लाउडमधल्या परवानग्या बघायची, म्हणजे कुठल्या प्रोग्रॅमला कशाला हात लावता येतो आणि तो का. तिसरा घटना घडून गेल्यावर डिस्कची प्रत घेऊन त्यातून काय झालं ते खणून काढायचा. ही तिघं एकमेकांच्या खुर्चीत बसली असती तर पहिल्याच दिवशी हैराण झाली असती. व्हिजिटिंग कार्डवर मात्र सगळ्यांच्या ‘सिक्युरिटी’.

सगळ्यात कामाचा सल्ला दिला त्या टीमच्या प्रमुख बाईंनी. “मॅडम, मी काय शिकू?” असं विचारत मी त्यांच्याकडे गेले होते. त्या म्हणाल्या, “काय शिकू ते नंतर बघ. गेल्या आठवड्यात मी काय केलं ते आधी विचार.” आणि त्यांनी कॅलेंडर उघडून दाखवलं. बऱ्याच बैठका. एका चाचणीचा अहवाल तपासून परत पाठवला होता, कारण त्यात धोका लिहिला होता पण तो कुणाला आणि किती हे लिहिलं नव्हतं. उगाच वाजणारा एक अलर्ट शांत करण्यात एक दुपार गेली होती. एका जुन्या यंत्रणेला पॅच लावता येत नाही म्हणून सवलतीचा अर्ज आला होता, त्यावर वाद. आणि या सगळ्यात खरोखरीचा तपास म्हणावा असं काम साधारण तासाभराचं. “यातलं काय करायला आवडेल?” त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, की अहवालाचा भाग मला आवडेल. तेव्हापासून या क्षेत्रात कुणीही भेटलं की मी ‘तुमचं काम काय’ असं विचारतच नाही, ‘गेला आठवडा कसा गेला’ असं विचारते. पहिल्या प्रश्नाला लोक जाहिरातीसारखं उत्तर देतात.

तरीही पहिला बेत हॅकिंग शिकण्याचाच होता. कुणाचा नसतो? सुरुवात नेटवर्कपासून केली. वायरशार्क हे साधन आपल्या मशीनवरून जाणारी-येणारी डेटाची पाकिटं उघडून दाखवतं. टीसीपीची, म्हणजे दोन मशीन बोलायला लागण्याआधीची, तीन पावलांची ओळखपरेड मला तोंडपाठ होती, पण एक साधं पान उघडल्यावर माझा लॅपटॉप डीएनएसला, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला, किती नावं विचारतो, हे डोळ्यांनी पाहणं वेगळं. एचटीटीपीएसमुळे मजकूर कुलूपबंद असूनही कुठल्या साइटवर चाललोय ते नाव बहुतेक वेळा जोडणी ठरवणाऱ्या हँडशेकच्या पहिल्याच संदेशात उघडं असतं, हेही तिथेच दिसलं. त्यानंतर ओव्हर द वायर या साइटवरचा बँडिट हा खेळ. एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या सोयीने, एका मशीनवर शिरायचं आणि पुढच्या पायरीचा पासवर्ड शोधायचा. सुरुवातीच्या पायऱ्या मला सोप्या गेल्या. पुढे क्रॉनच्या पायऱ्या आल्या, ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टच्या. अशा स्क्रिप्ट मी कित्येक लिहिल्या आहेत. ती स्क्रिप्ट मोठ्या अधिकाराने चालते आणि तिच्यात काय लिहायचं हे एखादा छोटा वापरकर्ताही ठरवू शकतो, एवढ्या दोनच गोष्टी जुळल्या तर काय होतं, हे तिथे समोर आलं. रोज वापरायच्या वस्तूचीच ही दुसरी बाजू होती. नवं तंत्र असं त्यात काही नव्हतं.

वेबचं शिक्षण पोर्टस्विगरच्या वेब सिक्युरिटी अकॅडमीत झालं. ती फुकट आहे आणि तिथली लॅब फोडण्यासाठीच मांडलेली असतात. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे भरायच्या मजकुरातून डेटाबेसला आपली आज्ञा घुसवणं, पहिल्यांदा जमलं की अंगावर काटा येतो हे खरं, पण मला जास्त गुंतवलं ते अ‍ॅक्सेस कंट्रोलने, म्हणजे कुणी काय पाहायचं-करायचं ते ठरवण्याने. ओवॅस्प या संस्थेच्या वेबवरच्या दहा मोठ्या धोक्यांच्या २०२१च्या यादीत तेच सर्वांत वर आहे. प्रकार दिसायला फालतू असतो. लॉगिन करून आपलं बिल उघडायचं, पत्त्याच्या ओळीत शेवटी ५२१ आहे, तिथे ५२२ लिहायचं आणि दुसऱ्याचं बिल समोर. यात कुठलाही ‘कोड फोडणं’ नाही. सर्व्हरने ‘तू कोण’ हे विचारलं, ‘हे तुझं आहे का’ हे विचारलंच नाही. एसक्यूएल इंजेक्शनवर निदान ठाम औषध आहे, भरलेला मजकूर आज्ञेपासून वेगळा पाठवणारी क्वेरी लिहिली की बहुतेक काम होतं, आणि स्कॅनरलाही ते बऱ्यापैकी सापडतं. पण ५२२ नंबरचं बिल कुणी पाहायचं आणि कुणी नाही, हे यंत्राला कुठून कळणार? ते कळायला धंदा समजून घ्यावा लागतो: या कंपनीत शाखाप्रमुखाला सगळ्यांची बिलं दिसायला हवीत का, बदली झालेल्या माणसाला जुनी दिसायला हवीत का. इथे मला पहिल्यांदा वाटलं, की हे काम आपल्याला जमेल.

दुसऱ्याची यंत्रणा तपासण्याच्या परवानगीचा विषय सगळीकडे एका वाक्यात उरकतात, तो तसा उरकण्यासारखा नाही. मी आपल्या लॅबबाहेर कुठेही हात लावला नाही, पण व्यवसाय म्हणून हे करणाऱ्यांसाठी तो प्रश्न फक्त नीतीचा नसतो, कागदाचा असतो. २०१९मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका न्यायालयाच्या इमारतीची सुरक्षा तपासायला गेलेल्या दोन पेनटेस्टरना, म्हणजे परवानगीने फोडून पाहणाऱ्यांना, रात्री अटक झाली. त्यांच्याकडे कंत्राट होतं, तेही राज्याच्या न्यायव्यवस्थेचं. इमारत मात्र काउंटीची होती आणि तिथल्या शेरिफला यातलं काही ठाऊक नव्हतं. आरोप मागे घेतले गेले ते थेट जानेवारी २०२०मध्ये. स्कोपच्या, म्हणजे कामाची हद्द ठरवणाऱ्या, कागदावर कुठले पत्ते, कुठली वेळ, काय करायचं नाही आणि रात्री दोनला फोन कुणाला लावायचा, या चार रकान्यांना अनुभवी मंडळी एवढं का जपतात ते मला या प्रकरणामुळे पटलं. ज्या शिकवणीत हा कागद दाखवत नाहीत, ती शिकवणी मला अर्धवट वाटते.

दिशा बदलली ती घरच्या लॅबमध्ये. एकाच लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या दोन व्हर्च्युअल मशीन उभ्या केल्या, एक हल्ल्याची आणि एक विंडोजची, दोन्ही बाहेरच्या जगापासून तोडलेल्या. पासवर्डांची यादी लावून विंडोजवर शिरणं हे काही मिनिटांचं काम. यूट्यूबवरचे व्हिडिओ इथे संपतात. मी सहज म्हणून विंडोजचे इव्हेंट लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, उघडले आणि संध्याकाळ तिथेच गेली. ४६२५, ४६२५, ४६२५ अशी लांबच लांब रांग, म्हणजे फसलेले लॉगिन, आणि मग एकच ४६२४, म्हणजे जमलेलं. त्या ४६२४मध्ये लॉगिनचा प्रकारही लिहिलेला असतो: ३ म्हणजे नेटवर्कवरून, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून. ‘हल्ला’ हा शब्द जाऊन त्या जागी वेळ, पत्ता, प्रकार आणि खातं आलं. मग आत शिरल्यावर मी काय काय चालवलं ते शोधायला गेले, तर तिथे काहीच नाही. नवी प्रोसेस, म्हणजे एखादा प्रोग्रॅम, सुरू झाल्याची नोंद, म्हणजे ४६८८, ऑडिटच्या सेटिंगमध्ये चालू करावी लागते. आणि तिच्यात पूर्ण कमांड दिसायला हवी असेल तर आणखी एक वेगळं सेटिंग. ती चालू केली, पुन्हा शिरले, पुन्हा शोधलं. मग हल्ल्याची पद्धत बदलली: यादी भरभर न लावता एकेक पासवर्ड बऱ्याच वेळाने. आता ती लांब रांग नाहीशी झाली आणि रोजच्या चुकलेल्या पासवर्डांत माझे प्रयत्न मिसळून गेले. ते वेगळे कसे काढायचे, यावर मी जेवढा विचार केला तेवढा फोडण्यावर कधी केला नव्हता. कुठल्या बाजूला जायचं याचं उत्तर मला मिळालं होतं.

मधल्या काळात कॅप्चर द फ्लॅगच्या, म्हणजे यंत्रणेत लपवलेली खूण शोधायच्या, स्पर्धाही खेळून पाहिल्या. मजा आली, ओळखी झाल्या. पण तिथे एक खात्री असते, की उत्तर आहे आणि कुणीतरी ते मुद्दाम लपवलं आहे. कामावर ही खात्री कधीच मिळत नाही. चार तास शोधून ‘काही सापडलं नाही’ असं लिहायचं आणि खाली सही करायची, याचा सराव कुठलीच स्पर्धा देत नाही.

सर्टिफिकेशनबद्दल मला सगळ्यात जास्त प्रश्न विचारले जातात आणि सांगण्यासारखं सगळ्यात कमी त्यातच आहे. सिक्युरिटी प्लस ही सुरुवातीची परीक्षा. ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न. शब्दसंग्रह पक्का होतो. ओएससीपी फोडण्याच्या बाजूची आणि नावाजलेली. २३ तास ४५ मिनिटं प्रत्यक्ष मशीन फोडायच्या, नंतरच्या २४ तासांत अहवाल लिहून द्यायचा. त्या परीक्षेतला अहवालाचा भाग मला आवडतो, कारण कामाशी सर्वांत इमान राखणारा तोच आहे. सीआयएसएसपी या सर्टिफिकेटला पाच वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे नवख्याला ती सुचवणाऱ्याने स्वतः ती वाचलेली नाही असं खुशाल समजावं. मी पहिली दिली आणि थांबले. सर्टिफिकेट असलं की रेझ्युमे चाळणीतून पुढे सरकतो. मुलाखतीत त्याबद्दल मला कुणी अवाक्षर विचारलं नाही.

याच सुमारास माझ्या आणि त्यांच्या मॅनेजरच्या संमतीने मी सॉकमध्ये, म्हणजे जिथे अलर्टवर चोवीस तास नजर असते तिथे, काही पाळ्या नुसती बसले. बाहेरच्याला वाटतं की अलर्ट वाजला म्हणजे काहीतरी झालं. तिथला हिशेब उलटा आहे. समजा दिवसाला १० लाख घटना नोंदल्या जातात आणि त्यातल्या खरोखर वाईट १०च आहेत. यंत्रणा इतकी चांगली, की त्या दहाही पकडते आणि चांगल्या घटनांपैकी फक्त १ टक्क्याला चुकून वाईट ठरवते. १ टक्का ऐकायला किती कमी! पण १० लाखांचा १ टक्का म्हणजे १० हजार. म्हणजे हजार अलर्ट उघडले की त्यात खरा एक. चूक दहापटीने कमी केली तरी शंभरात एक. ही अडचण स्टेफान अ‍ॅक्सेलसन या संशोधकाने १९९९मध्येच मांडून ठेवली होती. नऊशे नव्व्याण्णव वेळा ‘काही नाही’ म्हणून बंद केल्यावर हजाराव्याला माणूस ताजा कसा राहणार? २०१३च्या अखेरीस अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, तेव्हा त्यांच्या यंत्रणेने इशारे दिलेले होते. त्यांवर वेळेत हालचाल झाली नाही. हे वाचताना पूर्वी मी ‘काय हा बेजबाबदारपणा’ म्हटलं असतं. त्या खुर्चीत बसून आल्यावर तसं म्हणवत नाही.

सॉकमधल्या मुलांमध्ये एक फरक मात्र स्पष्ट दिसला. काहीजण अलर्ट आला की पुस्तिकेतल्या पायऱ्या चढायचे: पत्ता तपासा, फाइलचा हॅश, म्हणजे ठसा, तपासा, बंद करा. एकजण वेगळा होता. मध्यरात्री एका डेटाबेस सर्व्हरवरून भरपूर डेटा बाहेर जातोय असा अलर्ट आला, तर तो म्हणाला, “आज महिनाअखेर आहे, हिशेबाचा बॅकअप दुसरीकडे जात असणार. पण तो एरवी एकच्या आत संपतो.” तो आधी डेटाबेस सांभाळायचा. एकच्या पुढे का लांबला ते त्याने शोधलं. डिस्क भरत आली होती, हल्ला वगैरे काही नव्हता. तरी त्याचा तो ‘पण’ मला सगळ्या साधनांपेक्षा मोलाचा वाटला.

कारण या क्षेत्रातले दोन गाजलेले शोध अशाच ‘पण’मधून लागले आहेत. १९८६मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आढळली. ती सोडून देता आली असती. त्याने धागा धरला आणि तो पश्चिम जर्मनीतून अमेरिकी लष्करी संगणकांत शिरून सोव्हिएत गुप्तहेरांना माहिती विकणाऱ्या हॅकरपर्यंत पोचला. आणि अगदी अलीकडचं, मार्च २०२४मधलं एक्सझेडचं प्रकरण. अँड्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा अभियंता. आपल्या मशीनवर एसएसएचचं लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय आणि प्रोसेसर उगाच खातंय, हे त्याला खटकलं. खणत गेल्यावर एक्सझेड या फाइल-संकोचनाच्या लायब्ररीत पेरलेलं चोरदार सापडलं. ते पेरणाऱ्याने दोनेक वर्षं त्या प्रकल्पात निमूट मदत करून विश्वास कमावला होता. स्टोल काय आणि फ्रॉइंड काय, दोघांचंही पद सिक्युरिटीचं नव्हतं. आपली यंत्रणा एरवी कशी वागते हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून वेगळं वागलेलं त्यांना दिसलं. मी सर्व्हरवर घालवलेली वर्षं मागे टाकून नव्याने सुरुवात करायची, असं मी तोवर धरून चालले होते. ती वर्षं हेच माझं भांडवल होतं.

इथे जरा विषयांतर. मी सिक्युरिटीकडे वळतेय हे कळल्यावर नातेवाइकांत आणि ओळखीपाळखीत माझी किंमत एकदम वाढली. एका काकूंना मुलाचं इन्स्टाग्राम उघडून हवं होतं, एका मैत्रिणीला नवऱ्याचे मेसेज. “तुला तर आता येतच असेल!” मी नाही म्हटलं की ‘हिला येत नसणार’ असा अर्थ निघतो. निघू द्यावा. ते स्पष्टीकरण देत बसण्यापेक्षा स्वस्त आहे. त्याच काकूंना मी दोन टप्प्यांचं लॉगिन सुरू करून दिलं, त्याचं मात्र कुणाला कौतुक नाही.

मुलाखती चांगल्या-वाईट दोन्ही झाल्या. एका ठिकाणी जागा सुरुवातीची, पण जाहिरातीत पाच वर्षांचा अनुभव, फोडणं, राखणं, क्लाउड, फॉरेन्सिक आणि ऑडिट असं सगळं एका माणसाकडून हवं होतं. मुलाखत घेणाऱ्यालाही त्यातलं निम्मं काय आहे ते सांगता येईना. अशा जाहिराती बघून मुली अर्जच करत नाहीत आणि मुलं करून टाकतात, असं माझं निरीक्षण आहे. अर्ज करून टाकावा. चांगल्या मुलाखतींतला एक प्रश्न मला अजून आठवतो: “एकाच खात्यावरून अर्ध्या तासात दोन वेगवेगळ्या देशांतून लॉगिन झालंय. काय कराल?” मी लगेच खातं बंद करते असं म्हटलं नाही. आधी विचारलं, की हे खातं माणसाचं आहे की एखाद्या प्रोग्रॅमचं? व्हीपीएन वापरतात का? फोन मोबाइल नेटवर्कवर होता का, कारण तिथला पत्ता भलतीकडचा दिसू शकतो. दुसऱ्या लॉगिननंतर लगेच काय केलं गेलं? मेल पुढे पाठवण्याचा नियम लावला गेला का? तो शेवटचा प्रश्न ऐकल्यावर समोरच्यांनी पेन खाली ठेवलं आणि आमच्या गप्पाच सुरू झाल्या. मेलबॉक्समध्ये शिरलेला चोर बऱ्याचदा पहिलं काम तेच करतो.

शेवटी मी गेले कुठेच नाही. म्हणजे संस्था तीच राहिली, टेबल बदललं. पदनाम आधीच्यापेक्षा एक पायरी खालचं मिळालं आणि ते काही काळ बोचलं. काम मिळालं त्रुटी व्यवस्थापनाचं, म्हणजे ज्या मेलना मी गोलगोल उत्तरं द्यायचे, ते आता मीच पाठवायचे. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्यावरचा मायक्रोसॉफ्टचा पॅच येऊन जवळपास दोन महिने झाले होते. वर्गात हे उदाहरण ‘बघा, लोक किती हलगर्जी असतात’ म्हणून सांगतात. पॅच का लागत नाही हे मला आतून ठाऊक आहे. मशीन बंद ठेवायची परवानगी मिळत नाही. त्यावर चालणारं जुनं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर चालत नाही आणि ते लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. कधी कधी तर तो सर्व्हर कुणाचा आहे हेच ठरत नाही.

म्हणून मी पहिलं काम केलं ते ती शेकडो ओळींची फाइल पाठवणं बंद करण्याचं. तीव्रतेचा आकडा मोठा दिसला म्हणून सगळंच तातडीचं नसतं. २०२१च्या नोव्हेंबरपासून अमेरिकेची सीसा ही सरकारी संस्था प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी प्रसिद्ध करते. ती माझ्या यादीशी ताडून पाहते, मग ते मशीन बाहेरून दिसतं का ते पाहते, आणि उरतं तेवढंच लिहिते. प्रत्येक ओळीसमोर रीस्टार्ट लागेल की नाही, तेही. जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाचा फोन आला, “तू तिकडे जाऊनही माणसात आहेस!” दुसऱ्याने मात्र मी पूर्वी लिहायचे त्याच भाषेत गोल उत्तर पाठवलं. त्यातला शब्दन् शब्द ओळखीचा होता, त्यामुळे माझं उत्तर फार लांबलं नाही.

हल्ली विचारणा येते ती बहुतेक एआयबद्दल: अलर्ट वाचायचं काम आता यंत्रच करणार, मग यात यावं का? पहिल्या पायरीचं काम बदलतंय हे मी रोज पाहते. अलर्टचा गोषवारा, पत्त्यांची चौकशी, अहवालाचा कच्चा खर्डा हे सगळं माझ्याही हाताखाली यंत्र करतं. पण महिनाअखेरीचा बॅकअप एरवी एकच्या आत संपतो, हे अजून तरी कुणीतरी त्याला सांगावं लागतं, आणि ‘एरवी’ कुठेच लिहून ठेवलेलं नसतं.

‘कुठला कोर्स लावू’ असं कुणी विचारलं की मी सध्या एकच काम देते. आपल्याच मशीनवर या क्षणी कुठले पोर्ट, म्हणजे जोडणी घ्यायचे क्रमांकित दरवाजे, ऐकत बसले आहेत ते काढ, आणि प्रत्येकासमोर लिही की कोण ऐकतंय, कशासाठी, आणि बंद केलं तर काय बिघडेल. कमांड एका ओळीची आहे, लिहिणं काही दिवसांचं. बहुतेकजण परत येत नाहीत. गेल्या महिन्यात एक मुलगी दोन पानं घेऊन आली. सगळ्या ओळी भरलेल्या, फक्त एकीसमोर प्रश्नचिन्ह: एक प्रोसेस फक्त मशीनच्या आतल्या पत्त्यावर ऐकत होती आणि दर वेळी पोर्ट बदलत होती. “ताई, हिचं काय ते मला कळलं नाही, पण मी शोधतेय,” ती म्हणाली. मलाही कळलं नव्हतं. आम्ही खुर्च्या जवळ ओढल्या आणि त्या प्रोसेसला जन्म देणारी प्रोसेस कोण, इथपासून सुरुवात केली.